अर्धा तांदूळ

शेवगावात पाथर्डी रोडला गोरक्षनाथचं लाकडाचं शेड हाय. रस्त्यावरनं जाताना आतून दोन आवाज ऐकू येतात. एक रंध्याच्या मशीनचा आन् दुसरा रूथ अमोलिकचा. लाइट गेली की पयला बंद पडतो. दुसऱ्याला लाइट लागत न्हाई.

रूथ तेहेतीस वर्षांची, अंगानं काडी. ड्रेसवर नवऱ्याचा जुना शर्ट, त्याच्या बाह्या कोपराच्या वरच कापून टाकलेल्या, केस फडक्यात गच्च. ओढनी सकाळी शेडाच्या दारातल्या खिळ्याला जाती ती संध्याकाळीच खाली येती. नववीत शाळा सोडली. का सोडली, असं विचारलं तर म्हनती, "बाकावर बसवत नव्हतं." खरंच असनार, कारन तिला बसलेलं अजून कुनी बघितलं न्हाई. डबा बी उभ्यानं खाती.

लग्न होऊन शेवगावात आली तवा ती एक दिवस शेडात गेली, कोंबड्यांखाली पसरायला भुसा न्यायला. पोतं भरलं, पन पाय निघंना. मशीनकडं बघत उभी राहिली. तवा मशीनवर गोरक्षनाथचे वडील असायचे, तात्या मिस्त्री. त्यांनी मशीन थांबवली.

"पोरी, बोटं किती हायत?"

"धा."

"संध्याकाळी बी धाच राहतील एवढं ध्यान हाय का?"

"हाय."

"मग ठिव ते पोतं खाली."

एवढीच तिची मुलाखत. त्याला चौदा वर्षं झाली. अजून शेड बंद करताना ती दोन्ही पंजे वर करून मोठ्यानं बोटं मोजती. समोरचा च्यावाला तिच्या 'धा'वर गॅस बंद करतो.

आता मशीन म्हंजी काय ते सांगाया पायजे, न्हाईतर पुढची गंमत कळायची न्हाई. दोन लोखंडी टेबलं समोरासमोर, मधी फट. फटीत फिरता ड्रम, ड्रमला तीन पाती. अलीकडचं टेबल जरा खाली ठिवायचं, जेवढं लाकूड तासायचं तेवढंच खाली. पलीकडचं टेबल पात्याच्या टोकाबरोबर. फळी अलीकडून ढकलली की पोटाखालून तासली जाती आन् पलीकडं सरळ जाऊन बसती. बास. पन 'बरोबर' म्हंजी किती बरोबर, हितं भल्याभल्यांची जिरती.

तात्यांचं माप तांदळाचं. पलीकडच्या टेबलावर सरळ काडी ठिवायची, तिचं टोक पात्यांवर. ड्रम हातानं फिरवायचा. पातं काडीला घासून जरा पुढं सरकवतं. किती? अर्धा तांदूळ. जास्त सरकली तर टेबल खाली हाय, हललीच न्हाई तर वर हाय. त्यासाठी तात्या काडेपेटीत एक तांदूळ बाळगायचे, साधा कोलम. कुनी थट्टा केली तर म्हनायचे, "बासमतीनं मापलं तर लाकूड बिघडतं." तात्या गेले आन् ती काडेपेटी रूथच्या खिशात आली. काडेपेटी, तांदूळ आन् मशीन. मशीनला कुनी वाकडं बोललं की रूथ सख्ख्या बहिनीला बोलल्यासारखी अंगावर जाती.

आन् त्या सोमवारी मशीन वाकडी निघाली.

झालं असं. चर्चच्या आवारातला लिंब वादळात पडला हुता. पाळकसाहेबांनी त्याच्या फळ्या कापून घेतल्या आन् दीड वर्ष शेडात वाळत ठिवल्या. नाताळाला त्याचं प्रभुभोजनाचं टेबल करायचं, आठ फुटी, चार फळ्या एकमेकीला जोडून. रूथ रविवारी भर उपासनेनंतर उभी राहून सांगून आली हुती, "खिळा मारनार न्हाई. फटीत लांबी-पुट्टी भरनार न्हाई. सांध्यातून उजेड दिसला तर मी वर्षभर दारात तुमच्या चपला राखीन." पाळकसाहेब हळूच म्हनले, "चपला नकोत, टेबल द्या."

सोमवारी तिनं दोन फळ्यांच्या कडा मशीनवर तासल्या आन् कडेला कड लावून उभ्या केल्या. दोन्ही टोकं चिकटली. मधी फट. फटीत भीमाचा डोळा.

भीमा म्हंजी शेडातला हातकामाचा सुतार, पन्नाशीचा, बोलनं सावकाश, झोंबनं लगेच.

"रूथे," पलीकडून आवाज आला, "दिसतीयास."

परत तासल्या, परत तेच. फळ्या बदलल्या, तरी तेच. चौथ्यांदा भीमानं फटीतून बोट घालून टाटा केला.

गोरक्षनाथ तवाच आला. मानूस वाईट न्हाई, फक्त त्याला नवीन वस्तू लई आवडती. पोट कमी करायला पळायची मशीन आनली, तिच्यावर आता बायको पापड वाळवती. त्यानं फट बघितली आन् त्याचं तोंड उजळलं.

"मी म्हनलं हुतं. म्हातारी झाली ही. सुप्याला एक कारखाना मशीनी बदलतोय, त्यातली एक मला मिळतीय. शनिवारी सकाळी धाला भंगारवाल्याचा टेम्पो येईल, ही जाईल."

"मग मला बी भंगारात घाला."

"तुला कोन घेईल? आवाजाचं वजन धरत न्हाईत."

"शेठ, हिच्यात दोष न्हाई. हिला कायतरी झालंय."

"बरं. शनिवारी धाच्या आत ह्या फळ्या उजेड न दिसता बसव. बसल्या तर मशीन राहील. न्हाईतर जाईल. रडायचं न्हाई."

"मी कवा रडले?"

"तू न्हाई गं. मला रडवायचं न्हाई."

मंगळवारी रूथनं गुन्हेगार पकडला. भीमा. अकरा वर्षं हा मानूस पलीकडच्या टेबलाच्या टोकाला बसून डबा खातो.

"तुमच्या बुडानं टेबल वाकलं, भीमाभाऊ!"

"अगं, बिडाचं लोखंड हाय ते! बुडानं बीड वाकलं असतं तर बीडच्या लोकांनी मला निवडून दिला असता."

"उठा तिथून!"

"मी उभाच हाय."

"मग अजून लांब उभं राहा!"

भीमाची चटनी-भाकरी त्या दिवसापासून स्टुलावर गेली. वर त्यालाच कामाला लावलं. शेजारच्या गवंड्याकडून लांब पट्टी आनली, दोन्ही टेबलांवर आडवी टाकली, तर पलीकडचं टेबल बोटभर खचलेलं दिसलं. रूथ नाचायला लागली. "सापडलं! पायच खचलाय!" मग पहार घालून पाय उचलला, खाली पत्रे घातले, घाम गाळला, फळी चालवली. फट दुप्पट झाली. आता फटीतून भीमाचा डोळा न्हाई, मिशीसकट अख्खं तोंड दिसत हुतं.

रूथ डोक्याला हात लावून उभी. मग एकदम पट्टीकडं वळली. ती प्लायवर ठिवली, पेन्सिलीनं रेघ मारली. पट्टी उलटी फिरवून तिथंच दुसरी रेघ मारली. सरळ पट्टीच्या दोन्ही रेघा एकावर एक बसतात. ह्या दोन रेघांच्या मधी केळं तयार झालं.

"पट्टीच वाकडी! ह्या पट्टीनं कुनाची भिंत बांधली त्या गवंड्यानं?"

भीमानं पट्टी उचलून एका डोळ्यानं बघितली.

"माझी," म्हनला. "तरीच कपाट भिंतीला टेकत न्हाई."

रूथला इतकं हसू आलं की ती भुशाच्या ढिगाला टेकली. टेकली म्हंजी बसली न्हाई.

बुधवारी पत्रे काढून पाय जागेवर आनला. खिडक्या बनवनाऱ्याकडून आल्युमिनियमचा चौकोनी पाइप मागून आनला, तो आदी प्लायवर उलटासुलटा करून तपासला, रेघा जुळल्या. मग टेबलांवर टाकला. आता खरं दिसलं. पलीकडचं टेबल ड्रमजवळ बरोबर हुतं, पन लांबचं टोक खाली झुकलेलं. किती? भीमाच्या पुतनीच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका हुत्या, त्या फटीत सारल्या. एक गेली. दोन गेल्या. तिसरी अडकून बसली.

"तीन पत्रिका वाकडी," रूथ म्हनली.

"मग तीनच पत्रिका खाली घाल की, टोकाला. लग्न बी लागलं, टेबल बी लागलं."

"न्हाई. तात्या म्हनायचे, टेबलाखाली जे घालशील ते कवातरी वर येऊन बोलेल. झुकलंय का ते कळल्याबिगर मी काय घालनार न्हाई."

गुरुवार चर्चमधल्या लग्नात गेला, तिथं बी ती नवरा-नवरीच्या खुर्च्यांच्या कडा हातानं चाचपत हुती. शुक्रवारी सकाळीच तिनं मशीनचा फ्यूज काढला, शर्टाच्या खिशात टाकला आन् भीमाला हाक मारली.

"टेबल उतरवायचंय."

पलीकडचं टेबल एका लोखंडी उतारावर बसलेलं असतं, घसरगुंडीसारखं. चावी फिरवली की उतारावरनं वर-खाली सरकतं. चौदा वर्षांत ते पुरं कधीच उतरवलं नव्हतं. नट ढिले केले, लाकडाचे ठोकळे लावले, दोघांनी मिळून टेबल सरकवत सरकवत काढलं आन् ठोकळ्यांवर ठिवलं. भीमाची कंबर धरली. तो "च्या घेऊन आलो" म्हनून कमरेला हात लावत गेला.

रूथ एकटीच राहिली. तिनं उतारावर वाकून बघितलं.

पिवळं.

ड्रमच्या बाजूला, उताराच्या वरच्या अंगाला, पिवळालाल कडक थर. नखानं खरवडला, निघंना. वास घेतला. हळद. पटाशीनं एक पापुद्रा काढला आन् त्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका दिसला. चपटा, पापडासारखा दाबलेला. तांदूळ.

रूथचं तोंड, जे चौदा वर्षांत बंद झालं नव्हतं, ते बंद झालं.

दरसाल खंडेनवमीला मशीनची पूजा गोरक्षनाथची आई करायची, बनुबाई. तात्यांची बायको. औंदा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आन् ती कोपरगावला लेकीकडं पडून हुती. तर खंडेनवमीला सकाळी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. "गोरख करील ते मला पसंत न्हाई, त्याचा हात आखडता हाय. रूथ, तू कर." रूथ रविवारी न चुकता चर्चला जानारी. पन तिनं एका क्षनात ठरवलं, माझा देव माझ्याजागी, मशीन तात्यांची, तिला तिच्या घरची रीत पायजे. न्हाऊन-धुऊन आली. हळदीकुंकू लावलं, फुलं वाहिली, आन् फोनमधून बनुबाई वरडायला लागली, "वरून काय पावडर लावतीस? पोटात घाल, पोटात!" मग रूथनं टेबल उतारावरनं खाली सरकवलं, उघड्या पडलेल्या जागी मूठभर हळद, कुंकू, अक्षता, वर नारळाचं पानी. "अजून!" म्हनून फोन. अजून एक मूठ. "आता कसं!" म्हनून फोन बंद. आन् रूथनं टेबल परत वर सरकवलं. त्याच्यावर. तांदळावर.

तिथंच अडकला तो. ड्रमजवळची बाजू उचलली गेली, मग रूथनंच चावी फिरवून ती पात्याबरोबर आनली, आन् लांबचं टोक गेलं खाली. दोन महिने चौकटीची तुकड्यांची कामं चालली, लहान लाकडात वाक कळला न्हाई. आठ फुटी फळी आली आन् मशीननं तोंड उघडलं.

भीमा यायला वेळ हुता. फडकं शेजारीच हुतं, रॉकेलची बाटली हाताशी. दोन मिंटात उतार चकाचक झाला असता, आन् 'म्हातारी झाली, गंज धरला' म्हनून मोकळं झालं असतं. भीमाचं बूड पन गुन्हेगार राहिलं असतं.

रूथनं फडकं उचलून लांब फेकलं आन् शेडाच्या दारात जाऊन रस्त्यावर बोंब ठोकली.

"मी हाय ती! मीच! भीमाभाऊ, तुमचं बूड निर्दोष हाय!"

च्यावाल्याच्या टपरीवर आठ-धा मानसं हुती. भीमाच्या हातातला च्या सांडला.

"आगं, हळू तरी बोल!"

"हळू कशाला? आरोप मोठ्यानं केलता न्हवं?"

मग सगळी टपरीच शेडात आली तांदूळ बघायला. गोरक्षनाथ आला. त्यानं पापुद्रा बघितला, रूथकडं बघितलं, आन् तो काय बोलायच्या आत रूथनं कोपरगावला व्हिडिओ कॉल लावला. तांदूळ फोनसमोर धरला. सगळं सांगितलं.

बनुबाईनं डोळे बारीक केले. "म्हंजी माझा परसाद मशीनला पचला न्हाई व्हय?"

"कच्चा हुता, आई."

मग बनुबाई खुदकन हसली, मग फोनच हलायला लागला, फोनात नुसतं छत दिसाया लागलं. हसता हसताच विचारलं, "आन् मशीन भंगारात घालायला कोन निघालंय? गोरख? फोन दे त्याला." गोरक्षनाथ तवर बाहेर गेला हुता.

शुक्रवार दुपारपासून रूथनं उतार रॉकेलनं धुतला, बोट फिरवलं, परत धुतला. पातळ तेलाचा हात दिला. टेबल चढवलं, नट आवळले. पतंगाचा कागद चारी कोपऱ्यात सरकवून बघितला, चारी ठिकानी सारखाच अडकला. आल्युमिनियमचा पाइप टाकला. एक बी पत्रिका आत जाईना, निमंत्रनच बंद. मग काडी. ड्रम हातानं फिरवला. भीमानं काडेपेटीतला तांदूळ काडीशेजारी धरला.

"अख्खा सरकली," भीमा म्हनला.

चावी जराशी.

"पाऊन."

अजून जराशी.

"अर्धा. रूथे, अर्धा! हात काढ, हात काढ त्या चावीवरनं!"

तिन्ही पात्यांना अर्धा. तेवढ्यात लाइट गेली.

ती शनिवारी सकाळी आठला बी आली न्हाई. नऊला बी न्हाई. वायरमनला फोन केला तर म्हनला, लाइनचं काम हाय, बघू. साडेनऊला भंगारवाल्याचा टेम्पो दारात येऊन उभा राहिला, हॉर्न वाजवत. अर्धा तास आदीच.

"शेठ, धा वाजले न्हाईत," रूथ म्हनली.

"लाइट कुठंय?"

"मी काय महावितरन हाय?"

गोरक्षनाथनं घड्याळाकडं बघितलं. त्याला बी आता ते नको हुतं, पन शब्द दिलेला, भंगारवाला समोर उभा, टपरीवरची सगळी बघत्यात. धाला पाच कमी असताना भंगारवाल्याची दोन मानसं साखळी घेऊन आत आली.

आन् त्यांच्या मागून जीप. जीपमधून काठी, काठीमागून बनुबाई. कोपरगावावरनं पहाटेच निघालेली. कुनाला काय कळायच्या आत ती टकटक करत आली आन् मशीनवर चढून बसली.

"मला उतरवा, मग हिला न्या!"

सगळी गार. रूथ मात्र केवढ्यानं किंचाळली, "आई, पलीकडच्या टेबलावर नका बसू! अलीकडच्या बसा! अलीकडच्या! काल जुळवलंय ते!"

बनुबाई रागानं लाल, पन उतरली. काठी टेकत पलीकडून अलीकडं आली आन् परत चढून बसली. "चाललं का?"

"आता चाललं."

भंगारवाला साखळी धरून तसाच. आन् वरचा पंखा फिरायला लागला.

मशीनचा फ्यूज रूथच्या खिशातच हुता. तिनं तो घातला, बनुबाईला हाताला धरून खाली घेतलं आन् मशीन चालू केली. दोन महिन्यांत पयल्यांदा मशीनचा आवाज रूथपेक्षा मोठा वाटला. पयली फळी गेली. दुसरी गेली. लिंबाचा कडू वास शेडभर पसरला. मशीन बंद. फळ्या कडेला कड उभ्या केल्या. टोकं चिकटली. मधी काय झालं ते बघायला ती वाकलीच न्हाई.

"भीमाभाऊ, पलीकडं जावा."

भीमा गेला. गोरक्षनाथनं मोबाईलची बॅटरी लावून फळ्यांमागं धरली. शेडात नुसत्या पंख्याचा आवाज.

"दिसतीय का मी?" रूथनं विचारलं.

"न्हाई."

"खरं सांगा!"

"आगं न्हाई दिसत! नुसती ऐकू येतीयास!"

गोरक्षनाथनं बॅटरी वर नेली, खाली नेली, ह्या टोकाची त्या टोकाला नेली. उजेड कुठनंच आला न्हाई. मग त्यानं मोबाईल खिशात टाकला आन् भंगारवाल्याला म्हनला, "मशीन न्हाई द्यायची."

"मी एवढ्या लांबून रिकामा जाऊ व्हय?"

"रिकामा कशाला?" बनुबाई म्हनली. "घरी एक पळायची मशीन हाय. पापड काढून घ्या आन् न्या."

गोरक्षनाथ टेम्पोमागं पळाला. औंदाच्या सालात तो पयल्यांदा पळाला, असं भीमाचं म्हननं. पन पळून बी उपयोग झाला न्हाई.

संध्याकाळी चारी फळ्या सरसानं चिकटवून आवळून ठिवल्या. बनुबाईनं जाताना विचारलं, "मग पुढच्या खंडेनवमीला हळद कुठं लावायची?"

"मोटारीच्या डब्याला, बोटभर."

"आन् अक्षता?"

रूथनं काडेपेटी उघडून दाखवली. आत दोन तांदूळ हुते, एक तात्यांचा, एक चपटा.

"ह्यो कशाला ठिवलास?" भीमानं विचारलं.

"तो मापाला. ह्यो, मी कवा तुमच्या बुडाला नावं ठिवली तर दाखवायला."

भीमानं डबा उचलला, सवयीनं पलीकडच्या टेबलाकडं निघाला, टेबलाकडं बघितलं, रूथकडं बघितलं, आन् स्टुलावर जाऊन बसला. रूथनं दारातल्या खिळ्याची ओढनी काढली, दोन्ही पंजे वर केले आन् रस्त्यापलीकडं ऐकू जाईल एवढ्यानं मोजायला सुरुवात केली. 'धा' झाल्यावर च्यावाल्यानं गॅस बंद केला.